खालच्या आळीची उमेदवार

सँ-क्लोव्हिस
१४ जानेवारी १९६२

रोझेर,

पाकिटावर तुझं नवं नाव घातलंय, कारण तिकडचा पोस्टमन त्याच नावाला ओळखतो. आत मात्र तू रोझेर ब्वाव्हेरच. तुझ्या त्या रॉस ग्रीनवुडशी माझी ओळख नाही आणि करून घ्यायची हौसही नाही. एवढं वाचून पत्र चुलीत घालणार असशील तर जरा थांब. कोणी गेलेलं नाही. आई धडधाकट आहे. जरा जास्तच आहे, म्हणून तर लिहायला बसले.

नऊ वर्षांत मी तुला नाताळाच्या कार्डाशिवाय काही पाठवलं नाही, त्यामुळे तुला वाटेल, हिला काहीतरी हवंय. तसं काही नाही. घरची खबर कळवावी, एवढंच.

बाबांची टॅक्सी आई अजून चालवते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्येच आहे, कानावर हेडफोन, समोर भोकांचा फळा, दिवसभर "हॅलो, कुठला नंबर?" सकाळी आई मला सोडते आणि त्या दोन गल्ल्यांत आख्ख्या गावाची उलटतपासणी घेते. नदी गोठलीय. पलीकडच्या अमेरिकेतली पोरं आणि आपली पोरं मध्यावर हॉकी खेळतात आणि बर्फात सरहद्द कुठून जाते त्यावरून भांडतात.

मंगळवारी काय झालं ते सांगते. कंपनीला कागद गिरणीपर्यंत लाकडाचे ट्रक न्यायला नवा रस्ता हवाय, आणि तो नेमका आपल्या खालच्या आळीतून जाणार म्हणे. नदीकाठची सगळी घरं पाडायची. आपलं घर, लेओन्तीन प्लूर्दचं घर, सगळी रांग. लेओन्तीन विचारायला नगरपालिकेत जाणार होती, पण एकटीनं जायचा धीर होईना, म्हणून आईला बरोबर घेऊन गेली. मीही गेले. नगराध्यक्ष पेनॉक तुला आठवत असेल, गिरणीतला जुना हिशेबनीस. आजवर त्याच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलेलं नाही, त्यामुळे त्याला ती खुर्ची कंपनीनं पेन्शनीबरोबर दिलीय असंच वाटतं.

लेओन्तीन उठली आणि तशीच परत खाली बसली. मग आई उठली आणि आपल्या फ्रेंचमध्ये विचारलं, "साहेब, आमची घरं पाडणार हे खरं का? आणि पाडणार असाल तर आम्हाला कोणी विचारलं का नाही?"

पेनॉक इंग्रजीत म्हणाला, "बाईसाहेब, कामकाज इंग्रजीत चालतं. इंग्रजीत बोला, नाहीतर खाली बसा."

सभागृहात सहा नगरसेवक, त्यातल्या पाच जणांच्या आया फ्रेंच. सगळे टेबलाकडे बघायला लागले. कारकून तेओद्यूल, ज्याला आईनं लहानपणी नदीतून बाहेर काढलं होतं, तोही टाक पुसत बसला. आईनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, आवाज चढवून, फ्रेंचमध्येच. पेनॉकनं हातोडा आपटला आणि पुढचा विषय घेतला.

आई बसली नाही. सभा संपेपर्यंत तशीच उभी राहिली, कोट अंगात, पर्स पोटाशी धरून. लोक तिला वळसा घालून बाहेर पडले.

गाडीत बसल्यावर मला वाटलं आता रडेल. तिनं इंजिन गरम होऊ दिलं आणि म्हणाली, "त्या खुर्चीची गादी फार मऊ असणार, रेजान. माणूस बसला की त्याला ऐकूच येईनासं होतं."

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, सगळं गाव बाहेर पडत असताना तिनं जाहीर केलं की एप्रिलच्या निवडणुकीत ती नगराध्यक्षपदाला उभी राहणार. एकसष्टाव्या वर्षी! फादर लेव्हेकच्या हातातली टोपी खाली पडली.

आता खरं सांगते. मला काहीतरी हवंय. उमेदवाराच्या स्वतःच्या नावावर घर किंवा जमीन लागते. तेओद्यूलनं रजिस्टर काढून दाखवलं. बाबांनी मरताना घर तुझ्या नावावर केलं, आपल्याकडे मुलाच्याच नावावर करतात, तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आई म्हणाली, "टॅक्सी माझ्या नावावर आहे." तेओद्यूल म्हणाला, "चाकांवरचं घर चालत नाही, एक्झिल्दाबाई."

फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत तू सही केलीस तर घर तिच्या नावावर होईल. हे पत्र मी लिहिलंय हे तिला माहीत नाही.

तुझी बहीण,
रेजान


४ फेब्रुवारी

रोझेर,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं आणि इंग्रजीत. नशीब माझं की पोटासाठी इंग्रजी ऐकावं लागतं, नाहीतर सख्ख्या भावाचं पत्र वाचून घ्यायला पेनॉककडे जावं लागलं असतं.

तू लिहितोस, "तिला हवं असेल तर तिनं स्वतः मागावं." आणि, "या वयात तिचं हसं होईल, तू तिला आवर." पहिलं वाक्य मला समजतं. तुझ्या जागी मीही कदाचित तेच म्हटलं असतं. तिनं तुझी पत्रं न उघडता परत पाठवली, हे मी पाहिलंय. पण तू शेवटचा आलास तेव्हा काय झालं तेही मी पाहिलंय. स्वयंपाकघरात तुझा डॅनी तिला काहीतरी सांगत होता, हात नाचवून नाचवून, आणि तिला कळत नव्हतं. तू हसत म्हणालास, "सोड गं, पोरांना आम्ही फ्रेंच शिकवत नाही, फ्रेंच बोलणाऱ्याला झाडू मारायचंच काम मिळतं." आई तव्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "माझ्याच घरात माझ्या नातवाशी बोलायला मला दुभाषा लागणार?" त्यावर तू म्हणालास, "घर माझं आहे."

मी कोणाची बाजू घेत नाही. दोघंही एकाच मातीचे. पण दुसऱ्या वाक्याबद्दल तुझा कान पिळायला हवा. हसं होईल म्हणे!

ऐक तर इकडे काय झालं. कंपनीचे इंजिनियर स्टेशनवरून आणायचं काम आईकडे होतं. तेच तिचं मुख्य गिऱ्हाईक. चर्चच्या पायऱ्यांवर ती बोलली आणि त्याच आठवड्यात ते काम बंद. कारण कोणी सांगितलं नाही. आई दोन दिवस टॅक्सी स्टँडवर नुसती बसून राहिली, काचेवरचा बर्फ खरवडत.

तिसऱ्या दिवशी म्हातारी झेफिरीन आली. ती राहते चर्चच्या भिंतीला लागून, तुला माहीत आहे. गाडीत बसली आणि म्हणाली, "चर्चला ने."

आई म्हणाली, "अगं, तुझ्या दारातून तुला चर्चचं दार दिसतं."

"दिसतं. पण मला आज गाडीतून बघायचंय. जरा लांबून ने."

त्यानंतर रांगच लागली. बेकरीतून ब्रेड न्यायला टॅक्सी. शेजारणीकडे सुई मागायला टॅक्सी. लेओन्तीनचा नवरा ओनेझीम, जो गिरणीत फोरमनसमोर मान वर करत नाही, तो एका कोपऱ्यावर चढला आणि दुसऱ्यावर उतरला, आणि उतरताना लाजून म्हणाला, "पाय दुखतोय." आई म्हणाली, "कुठला?" त्याला सांगता येईना. आता तिला जेवायला वेळ मिळत नाही. मी दुपारी कुट्टूच्या पिठाच्या पोळ्या काकवी लावून गुंडाळते आणि स्टँडवर नेऊन देते, ती स्टिअरिंगवरच खाते.

तर हे असं हसं होतंय तिचं.

तुला लिहिल्याचं तिला कळलं. तुझं पाकीट तिच्याच हातात पडलं, अमेरिकेचं तिकीट बघून तिनं ओळखलं. दिवसभर गाडी पुसत राहिली, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, पाणी लावलं की बर्फ होतोय, तरी पुसतेय. संध्याकाळी आत आली आणि म्हणाली, "घर त्याचं आहे. मी त्यात राहते. राहणाऱ्यानं मालकापुढे पदर पसरायचा नसतो."

मी म्हटलं, "मालकापुढे नको. मुलापुढे?"

ती म्हणाली, "मुलगा असता तर त्यानं पसरायची वेळ आणली नसती."

मी इथेच थांबते. तू जिद्दी, ती जिद्दी, आणि मध्ये मी, दोन तारा जोडायची नोकरी करणारी. फेब्रुवारी लहान महिना आहे, रोझेर.

रेजान


२५ फेब्रुवारी

रोझेर,

काल तुम्ही काय बोललात ते मला सांगू नकोस. मला जे दिसलं ते मात्र तुला सांगते, कारण तुला ते दिसलं नसेल.

दुपारची वेळ होती. मी फळ्यासमोर. दार उघडून आई आत आली, टोपीवर बर्फ, बूट न झटकता, जे ती कोणाच्या घरात कधी करत नाही. सरळ माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "जोड त्याला."

मी म्हटलं, "कोणाला?"

"तुला किती भाऊ आहेत?"

मी बोस्टनमार्गे लाइन मागितली. प्लग दोनदा चुकीच्या भोकात घातला. आई काचेच्या खोलीत जाऊन उभी राहिली, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, जणू गरम भांडं. तिकडून तुझ्या बायकोचा आवाज आला, मग तुझा. मी म्हटलं, "सँ-क्लोव्हिसहून फोन आहे, बोला," आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा हेडफोन काढला असेल. ऐकू नये असा नियम आहे, पण नियमासाठी नाही काढला.

सुरुवातीला ती एकटीच बोलत होती. भराभरा. मग ऐकत राहिली, बराच वेळ, काचेवर कपाळ टेकून. मग तिनं बोटानं काचेवरच्या वाफेत काहीतरी गिरवलं. आणि मग, रोझेर, ती हसली. तोंडावर हात ठेवून हसते ना, दात दिसू नयेत म्हणून, तशी.

बाहेर आली. तिनं रुमालानं नाक पुसलं आणि म्हणाली, "पोराला अजून आपला 'र' नीट म्हणता येतो."

दारापर्यंत गेली आणि परत वळली. "आणि त्या डॅनीला फोनवर आणलं त्यानं. पोरगं आजीला काय म्हणालं माहितीय? 'बोंझूर मेमेर.' बस, एवढंच. पाठ करून घेतलेलं. पण म्हणाला."

एक्स्चेंजमधल्या बाकीच्या दोघी खुर्चीत वळून बसल्या होत्या आणि तीन दिवे पेटून कोणी उचलत नव्हतं. गाव पाच मिनिटं मुकं झालं होतं तुमच्यामुळे.

कागद लवकर पाठव. नोटरी म्हणतो दोन्ही नावांनी सही लागेल, जुन्या आणि नव्या, एकाखाली एक. मी मनात म्हटलं, बघू, या निमित्तानं दोघं एका कागदावर तरी येतील.

तुझी,
रेजान

ता.क. (२८ फेब्रुवारी) : हे टपालात टाकायच्या आधी तुझा कागद आला. बसचा ड्रायव्हर घेऊन आला, तू त्याच्या हातात दिलास म्हणे, टपालावर भरवसा नाही म्हणून. नोटरीकडून आम्ही थेट नगरपालिकेत गेलो. तेओद्यूलनं अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि कोणी ऐकत नाही असं बघून पुटपुटला, "देव पाठीशी असो, एक्झिल्दाबाई." आई म्हणाली, "देव आहेच रे. तू कुठे असतोस?"


१८ मार्च

रोझेर,

तू विचारतोस, प्रचार कसा चाललाय. जमला तर आहे, पण सरळ नाही.

भीती गिरणीची आहे. पेनॉक स्वतः काही बोलत नाही, तसा तो वाईट माणूस नाही, फक्त त्याला आपण दिसत नाही. पण फोरमन लोक बोलतात. "रस्ता झाला नाही तर कंपनी दुसरी गिरणी बघेल." "मत कोणाला दिलं ते कळतं बरं का." घरात तीन-तीन पगार गिरणीतून येतात. माणसं आईच्या गाडीत बसतात, तिचा हात दाबतात, आणि फोरमन दिसला की खिडकीची काच वर करतात.

दाताचा डॉक्टर सूसी, आपलाच माणूस, घरी आला. कोट न काढता म्हणाला, "एक्झिल्दा, झोपलेल्या कुत्र्याला कशाला उठवतेस? आपण शांत राहिलो म्हणून आपल्याला शाळा मिळाली, चर्च मिळालं."

आई म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही दात काढता तेव्हा पेशंटला काय म्हणता?"

"तोंड उघडा म्हणतो."

"मग?"

तो निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं टॅक्सी बोलावली, आणि दवाखान्यासमोरून तीन फेऱ्या मारायला लावल्या.

फादर लेव्हेक व्यासपीठावरून काही बोलू शकत नाहीत, बिशपचा तसा हुकूम आहे. पण चर्चच्या तळघरातलं सभागृह त्यांनी दिलं आणि स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले, जपमाळ घेऊन. तिथे शुक्रवारी सभा झाली. माणूस माणसाला लागून उभा. बीन्सचं मोठं पातेलं चढवलेलं, त्यामुळे जे भाषणाला आले नसते तेही आले.

आईला भाषण येत नाही. ती म्हणाली, "मला भाषण येत नाही. प्रश्न विचारा."

मागून गिरणीतला एक जण ओरडला, बहुतेक पाठवलेलाच असणार, "टॅक्सीवाली नगराध्यक्ष झाली तर गावाला नेणार कुठे?"

"तुम्ही सांगाल तिथे," आई म्हणाली. "फक्त मागच्या सीटवरून ओरडायचं नाही, आणि उतरताना दार हळू लावायचं. तू कायम आपटतोस, फेलिक्स."

हशा झाला. फेलिक्सही हसला. पण मग ओनेझीम उठला. टोपी हातात पिळत. तो म्हणाला, "एक्झिल्दा, तुझं सगळं खरं. पण मला पाच पोरं आहेत. तू हरलीस तर तू टॅक्सी चालवशील. मी काय करू?"

लेओन्तीन रडायला लागली. मला वाटलं, संपलं.

आई त्याच्याजवळ गेली. भाषणाच्या आवाजात नाही, अशी शेजारच्याशी बोलतो तशी बोलली. "ओनेझीम, तू जोरात काही बोलू नकोस. माझं चित्र दारावर लावू नकोस. फोरमननं विचारलं तर सांग, ती बाई वेडी आहे. मला राग नाही यायचा. पण त्या पडद्यामागे गेलास ना, की तिथे फोरमन नसतो. कंपनी नसते. मीसुद्धा नसते. तिथे तू असतोस आणि पेन्सिल. एवढ्या वेळापुरतं तरी तुझं घर तुझं आहे. मग तुला वाटेल तिथे खूण कर. पेनॉकवर करावीशी वाटली तर त्याच्यावर कर, पण स्वतःच्या मनानं कर."

तो खाली बसला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लोक ताट घेऊन रांगेत उभे राहिले आणि हळू आवाजात एकमेकांशी बोलत राहिले, आपापल्या घरांबद्दल, कुठल्या आजोबानं कुठली भिंत बांधली त्याबद्दल. मी बीन्स वाढत होते. मला पहिल्यांदा वाटलं की ही जिंकेल. कोणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

माझ्या साहेबानं मला बोलावून बजावलंय, टेलिफोनवाल्यांनी राजकारणात पडायचं नाही. मी म्हटलं, मी पडले नाही, जन्मले.

रेजान


१० एप्रिल

रोझेर!

जिंकली!

तार मिळाली असेलच, पण तारेत सगळं मावत नाही.

मतदान संध्याकाळी संपलं. मी मुद्दाम कामावर होते, घरी बसवलं नसतं. आई तळघरातल्या सभागृहात, सगळ्यांबरोबर. नगरपालिकेत मोजणी. बाहेर नदीवर बर्फ करकरत होता, फुटायला आलेला. एक्स्चेंजमध्ये आम्ही तिघी, आणि फळा काळाकुट्ट, एक दिवा नाही. गाव श्वास रोखून बसलं होतं. फोन करून विचारायचं तरी कोणाला?

मग नगरपालिकेचा दिवा पेटला. मी घेतला. तेओद्यूलचा आवाज, कोरडा. "पेनॉकसाहेबांचं घर जोडा."

मी जोडलं. ऐकायचं नसतं. शपथेवर सांगते, ऐकलं नाही. प्लग घातला, किल्ली वर केली आणि दोन्ही दिव्यांकडे बघत बसले. आणि दिवे विझले. लगेच. मी प्लग काढायला हात उचलला तेवढ्यात.

रोझेर, जिंकलेल्या माणसाचा फोन इतक्या पटकन संपत नाही. त्याला अभिनंदन करतात, तो पुन्हा विचारतो, बायकोला हाक मारतो. हा फोन एका वाक्यात संपला.

मी उभी राहिले. शेजारच्या जर्मेननं विचारलं, "काय गं?" मी सांगणार कशी, मला तर काही माहीत नव्हतं! मी नुसती रडत होते आणि हसत होते. ती समजली. तिनं छातीवर क्रॉसची खूण केली.

आणि मग फळा पेटला. आधी नगरपालिका, मग चर्च, मग बेकरी, मग खालची आळी एकेक करत, प्लूर्द, मिशो, नादो, मग वरची आळी, दवाखाना, मग पलीकडच्या काठावरचे अमेरिकेतले, त्यांच्याही मावश्या-आत्या इकडे. असा फळा मी जन्मात पाहिला नाही. एकही भोक काळं नव्हतं. आम्ही तिघी सहा हातांनी जोडत होतो आणि "कुठला नंबर?" विचारायचं सोडून तिघी एकच ओरडत होतो, "हो! हो! एक्झिल्दा! हो!" साहेब दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं गेली नोकरी. त्यानं कोट काढला, बाह्या वर केल्या आणि चौथ्या फळ्यावर बसला.

सुटल्यावर धावत गेले. आईला लोकांनी खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला होता, तिनं फेलिक्सला चापट मारली. ती टॅक्सीच्या टपावरही चढली नाही, पत्रा बसेल म्हणून. शेवटी गाडी पुढे, आणि मागे सगळं गाव चालत, आळीतून आळीत, घंटा वाजताहेत, फादर लेव्हेकच दोर ओढत होते म्हणे, बिशपनं दोर ओढायला बंदी केली नव्हती. खालच्या आळीत प्रत्येक घराच्या दारात दिवा. ओनेझीम आमच्या दाराशी उभा होता. त्यानं आईचा हात धरला. मग हवेत पेन्सिल धरल्यासारखी दोन बोटं धरून फुलीची खूण केली, मोठी, सगळ्यांसमोर, फोरमन पलीकडे उभा असताना.

घरात येऊन बूट काढताना ती म्हणाली, "रोझेरला सगळं लिही. काही गाळू नकोस." तर हे लिहिलं.

तुझी बहीण (नगराध्यक्षांची मुलगी),
रेजान


२९ एप्रिल

प्रिय रोझेर,

तुला रजा मिळाली नाही म्हणून तू हळहळलास, आई नाही हळहळली. म्हणाली, "शपथ काय, बघितली काय, न बघितली काय. जूनमध्ये पोरांना घेऊन ये म्हणावं, तेव्हा मासे लागतात."

काल पहिली सभा झाली. सभागृहात इतके लोक की तेओद्यूलनं खिडक्या उघडल्या, म्हणजे बाहेरच्यांनाही ऐकू यावं. त्यानं विषयपत्रिका फ्रेंचमध्ये वाचली. पंचवीस वर्षं इंग्रजीत लिहिल्यामुळे बिचारा सरकारी शब्दांना अडखळत होता. आपल्याच भाषेत अडखळत होता आणि कान लाल झाले होते. दोघा-तिघांना हसू आलं. आईनं नुसतं बघितलं, हसू थांबलं.

लोकांच्या तक्रारी घ्यायची वेळ आली तर कोण उभं राहावं? पेनॉक. कोणी ओळखायच्या आधी मागच्या रांगेत बसलेला, साध्या नागरिकासारखा. त्याच्या रस्त्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे. त्यानं इंग्रजीत सुरुवात केली, आणि चार शब्दांवर थांबला. आजूबाजूला बघितलं. मला वाटतं त्याला तेव्हा कळलं की तो कुठे उभा आहे. मागून कोणीतरी ओरडलं, "फ्रेंचमध्ये बोला, नाहीतर खाली बसा!" आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

आईनं हातोडा असा आपटला की तेओद्यूलची दौत उडाली.

"कोण बोललं ते?"

मग फेलिक्स उठला.

"फेलिक्स, बाहेर छान हवा आहे. जा, खाऊन ये."

फेलिक्स गेला. आणि आई पेनॉककडे वळली आणि इंग्रजीत, स्वच्छ, सरळ इंग्रजीत म्हणाली, "बोला, मिस्टर पेनॉक. तुमच्या भाषेत बोला. या खोलीत भाषेसाठी कोणी खाली बसणार नाही."

रोझेर, मी छत्तीस वर्षांची आहे आणि आईच्या तोंडून मी इंग्रजीचा एक शब्द ऐकला नव्हता. लेओन्तीननं माझा दंड इतका दाबला की वळ उठलाय. पेनॉकनं आपलं बोलणं पूर्ण केलं, आवाज जरा बसला होता त्याचा, आणि शेवटी टोपी काढून, वाकून, फ्रेंचमध्ये आभार मानत "मेर्सी" म्हणाला. उच्चार भयंकर. पण म्हणाला.

गाडीत मी तिच्यावर तुटून पडले. "तुला इंग्रजी येतं?"

"अमेरिकन शिकारी मागच्या सीटवर बसवून जंगलात नेते मी दरवर्षी. बहिरी आहे का मी?"

"मग जानेवारीत का नाही बोललीस? आणि डॅनीशी?"

पेनॉकबद्दल ती म्हणाली, "त्यानं विचारलं नव्हतं. हुकूम केला होता." घर आलं, इंजिन बंद केलं, मग डॅनीबद्दल म्हणाली, "तेव्हा एवढं येत नव्हतं. त्याच्यानंतर शिकले." आणि उतरून आत गेली. हे वाक्य मी तुला लिहू नये असं तिला वाटलं असेल तर तिनं आधी सांगायला हवं होतं. तिचंच म्हणणं, काही गाळू नकोस.

पण मी पुढचं आधी सांगून बसले. मुख्य गोष्ट राहिलीच. रस्ता.

तो शेवटून दुसरा विषय होता. आईनं नकाशा भिंतीवर लावायला सांगितला आणि म्हणाली, "ट्रकना रस्ता हवाय, तो मिळायला हवा, गिरणी चालायला हवी. पण गिरणीच्या मागून, साहेब लोकांच्या टेनिसच्या मैदानाच्या कडेनं जागा आहे. एक जाळी हलवावी लागेल. खालच्या आळीतून नेला तर चाळीस कुटुंबं हलवावी लागतील. जाळीला पोरं नसतात. मत घ्या."

नगरसेवक तेच सहा, जानेवारीत टेबलाकडे बघणारे. पहिला हात वर व्हायला वेळ लागला. दाताच्या डॉक्टरचा भाऊ होता तो. मग दुसरा. मग एकदम तिसरा-चौथा. पाचवा मागे वळून बघत होता, फोरमन कुठे आहे ते, आणि मागे त्याला दिसली सगळी खालची आळी, उभी, टोप्या हातात धरून. त्यानं हात वर केला. सहावा गिरणीचा माणूस, त्यानं हात वर केला नाही, पण विरोधातही बोलला नाही.

तेओद्यूलनं हात मोजले, लिहिले, आणि उभं राहून, एकदाही न अडखळता वाचलं: ठराव मंजूर. खालच्या आळीतलं एकही घर पाडलं जाणार नाही.

काय झालं ते कसं सांगू! खिडक्यांबाहेरून आधी आवाज आला, मग आतून. लेओन्तीन बाकावर चढली. ओनेझीम दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. फादर लेव्हेकनी शेजारच्या प्रोटेस्टंट पाद्र्याला मिठी मारली आणि मग दोघंही दचकले. टोप्या उडाल्या, त्यातली निम्मी अजून कोणाची कोणती कळलेली नाही. फेलिक्स हवा खाऊन परत आला होता, तो दारातच नाचत होता. मी बघत होते आईकडे, म्हटलं आता तरी डोळ्यांतून पाणी येईल, आता तरी ही बाई जरा खुर्चीत मागे रेलेल.

तिनं सगळ्यांना पुरेसं ओरडू दिलं. मग चष्मा नाकावर चढवला, हातोडा हलकेच दोनदा टेकवला आणि म्हणाली,

"झालं सगळ्यांचं? बसा मग. तेओद्यूल, पुढचा विषय."

रेजान